मध्यंतरात अडवलेला पिक्चर

पहिल्या प्रेमाचे सिनेमे म्हणजे लोकांना झोपवायची गोळी, असं पत्रक मीच छापून वाटलं होतं. आणि आमच्या पेडण्यातल्या गावात तसलाच सिनेमा लावलाही मीच. काय करणार? मोपाला विमानतळ झाल्यापासून आमच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या पठारावर, बंगलेवाल्यांचा डोळा. रविवारच्या ग्रामसभेत विरोधाचा ठराव झाला नाही तर सडा गेलाच! पण सभेला येतो कोण? चळवळीतला सोबती म्हणाला, "भाषणाक कोण येवचो नाय. पिक्चर लाव आणि मध्यंतरात तू बोल."

देवळाच्या मंडपात पडदा बांधला. सगळा गाव लोटला.

मध्यंतराला नायकाची बस सुटली, नायिका थांब्यावर तशीच उभी. दिवे लागले तेव्हा बायकांचे पदर डोळ्यांना, पुरुषांना एकाएकी चष्मे पुसायची घाई. मी माईक घेतला. "बंधुभगिनींनो, आपला सडा..." अकरावीत असताना त्याच सड्यावर एकाने मला पानाच्या द्रोणात करवंदं दिली होती. पुढे तो दुबईला गेला. बेअक्कल कुठला. मी माईकमध्येच हुंदका दिला.

"बघा, सड्यासाठी पोरीचो जीव कसो तुटता!" पुढे बसलेल्या शेजारच्या काकी म्हणाल्या. मग हळूच मला, "कोण होतो गो तो?"

तेवढ्यात मागून ओरडा, "भाषण पुरे, पिक्चर लावा!"

माझं डोकं फिरलं. पडद्यावरची बस गेली म्हणून रडता, आणि खरा डोंगर जातोय त्याचं काहीच नाही? मी माईकवर जाहीर केलं, "उरलेला पिक्चर रविवारी, पंचायतीत, ठराव झाल्यावर!"

गाव उठून उभा राहिला. "दादागिरी नाय चलाची!" इतकी वर्षं ज्या घोषणांसाठी घसा कोरडा केला, त्या अखेर घुमल्या. माझ्याविरुद्ध.

रविवारी पंचायतीत पाय ठेवायला जागा नव्हती. गाव पेटून उठला असं सरपंचांना वाटलं. ठराव वाचून व्हायच्या आत सगळे हात वर. "मंजूर, मंजूर! आता लावा!"

लावला. नायक परत आलाच नाही. नायिकेचं लग्न दुसऱ्याशीच झालं.

काकी ताडकन उठल्या. "सरपंचानू, ह्या शेवटाच्या विरोधात पण एक ठराव घ्या!"

पुन्हा सगळे हात वर झाले. माझाही.