आखरावरची धोतरं

माझी पोस्टिंग मूलला होती, पुराच्या ड्युटीवर. मी लष्करी नर्सिंगमधली लेफ्टनंट. हो, बायकाही फौजेत होत्या. माझ्या नातवंडांना अजून पटत नाही. एकोणीसशे पन्नाशीतली गोष्ट. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, सगळा मुलूख चांदाच, म्हणजे आजचं चंद्रपूर. पोळा नुकताच झाला होता.

मार्कंड्यापलीकडे वैनगंगेने वेढलेल्या एका गावात कॉलरा लागला. तिथे आमचा एकच माणूस, वायरलेसवाला नाईक मडावी. या भागातलाच, म्हणून माझ्याशी घरच्या बोलीत बोलायचा.

सकाळी सातला तो सेटवर आला.

"बाई, लोकं पटापट पडून राह्यले. मलेबी जुलाब लागले. ओव्हर."

"पाणी उकळून प्या. सगळे कपडे उकळून उन्हात वाळवा. एकही सोडू नका. आम्ही येतो. ओव्हर."

"तुमी येता तं चहाबी उकडून ठेवतो. आउट."

नऊला सेट बंद पडला. दहाला आम्ही उडालो. महायुद्धातलं जुनं, दोन माणसांचं विमान. वाटेतल्या सरींत समोरची काच आंधळी व्हायची, म्हणून विमान चालवणारे कॅप्टनसाहेब बाजूच्या काचा उघड्या ठेवून डोकं बाहेर काढायचे. माझी टोपी वैनगंगेला गेली. मांडीवर सलाइनच्या बाटल्या. काचेच्या, वरून टाकायची सोय नाही.

उतरायची जागा म्हणजे गावचं आखर, जिथे ढोरं जमतात. तेवढीच जमीन कोरडी. मडावीशी ठरलं असं होतं: एक पांढरी पट्टी दिसली तर उतरायचं, फुली दिसली तर नाही.

खाली पाहते तर आखर पांढरं! उभी-आडवी धोतरंच धोतरं.

"फुली आहे, सिस्टर."

"वाळवण आहे, सर!"

"असेल. खाली दगड आहे की खड्डा, कसं कळणार?"

साहेबांचं चुकत नव्हतं, त्याचाच संताप. त्यांनी विमान खाली आणलं. मी कमरेपर्यंत बाहेर वाकून ओरडले, "धोतरं उचला वो!" इंजिनापुढे काय ऐकू जाणार? मी रागावले एवढंच खालच्या लोकांना दिसलं. एक बाई घरातून आणखी एक धोतर घेऊन धावत आली, पसरलं, आणि वर बघून हात जोडले. दगडाला बांधून चिठ्ठी टाकली, ती धानाच्या पाणी भरल्या बांधीत बुडाली. पेट्रोल संपत आलं. परत फिरलो.

दुपारी एकला पावसाची सर पडली. साडेतीनला पुन्हा गेलो. पाऊस आला म्हणून लोकांनी धोतरं उचलली होती. खाली राहिली होती एकच पट्टी. सरळ. चारी कोपऱ्यांवर दगड.

उतरलो. सलाइन लावलं, माणसं सावरली. मडावी दोनलाच गेला होता. पाटील म्हणाले, "पट्टी त्यानं सकाळीच टाकली, बाई. मंग उठूच शकला नाई. पडल्यापडल्या सांगून राह्यला, बाईचा हुकूम हाय, एकबी कपडा सुटला नाई पायजे. कोरडी जागा तेवढीच, आमी तिथंच वाळू घातले."

कॅप्टनसाहेबांनी विमानाच्या लॉगमध्ये सकाळीच लिहिलं होतं, जमिनीवरचा सिग्नल चुकीचा. ती ओळ मी त्यांना माझ्यासमोर खोडायला लावली. सिग्नल बरोबर होता. त्याच्यावर वाळत होता तो माझा हुकूम.