गडावरून उतरवला, जिन्याने चढवला

मंडळी, धामणकर नाक्यावरच्या एका सत्काराहून आत्ताच आलोय. डोकं तापलंय म्हणून लगेच लिहितोय.

आमच्या कामतघरातल्या एका लूममालकाचा मुलगा गेल्या आठवड्यात भर पावसात गडावर गेला, घसरला आणि पाय मोडून बसला. पायथ्याच्या वाडीतल्या चौघांनी भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, अर्धी टाकून त्याला डोलीतून खाली आणलं. आज सत्कार होता तो त्या मुलाच्या धाडसाचा!

त्या चौघांनाही बोलावलं होतं. मला बरं वाटलं. मग कळलं, हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे आणि वीराच्या पायाला प्लास्टर. खुर्चीसकट वर नेला त्यांनी.

वडिलांनी माइकवरून सरकारला झापलं, "आम्ही टॅक्स भरतो, हेलिकॉप्टर कुठाय?" टाळ्या. चिरंजीव म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच गड!" आणखी टाळ्या.

चौघांतल्या एका काकांचा खांदा डोलीने सुजला होता. मी विचारलं, "काका, तुमची आवणी बुडाली, काही दिलं का यांनी?"

"दिला ना, चा दिला." मग हळूच म्हणाले, "पोराला सांगा साहेब, पुढच्या साली पडायचा आसंल तर आवणी सरल्यावर पड म्हनावं."

मी निघालो तेव्हा चौघं खुर्ची जिन्यातून उतरवत होते. मागून वडील ओरडले, "अरे जपून, शाल मळेल!"

आता सांगा मंडळी, या सुटकेचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं?