अत्यंत समाधानी

नागपुरात मे महिन्यात नोकरीचं समाधान कशात असतं, हे मला कुणी शिकवू नये. ते कूलरच्या झोतात असतं. आमच्या ऑफिसात कूलर एकच, आणि त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात त्याचा पंप जळाला. नव्या पंपासाठी मी तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा साहेब म्हणाले, "वर पाठवतो."

वरून पंप आला नाही, एक मॅडम आल्या. कर्मचारी किती समाधानी आहेत, हे त्यांना मोजायचं होतं. कामात अर्थ सापडतो का, वरिष्ठ ऐकून घेतात का, असले वीस प्रश्न त्यांच्या फॉर्मात होते. कूलरचा एकही नव्हता. फॉर्म शांतपणे भरता यावा म्हणून त्यांनी आम्हाला साहेबांच्या केबिनमध्ये बसवलं. तिथे एसी होता.

इतकं मन लावून आम्ही कधीच काम केलं नव्हतं. दहा मिनिटांचा फॉर्म दीड तास पुरवला. मी रागारागाने खरं लिहायला घेतलं, तर शेजारचा कारकून कुजबुजला, "काहून डोकं गरम करून राहिला गा? एसी लागला हाये, चुपचाप बस ना!"

पाठीवरचा घाम वाळला तसा माझा रागही वाळला. वीसही ठिकाणी मी 'अत्यंत समाधानी'वर खूण केली.

पंधरा दिवसांनी माझे तिन्ही अर्ज परत आले. त्यांवर शेरा होता, 'कर्मचारी समाधानी असल्याने पंपाची आवश्यकता दिसत नाही.' पुरावा म्हणून सोबत माझाच फॉर्म जोडला होता.