तात्याबांचा डावा हात

चाकणजवळच्या एका कारखान्यात तात्याबा क्रेनखाली उभे राहून इशारे देत. वरच्या केबिनमध्ये क्रेन चालवणारा नवनाथ. तात्याबांचा हात उठला की पाच टनांचा साचा उठे, मूठ मिटली की थांबे. मी चाळीस वर्षं रंगमंचावर हातवारे केले, पण माझ्या हातानं कधी टाचणीसुद्धा हलली नाही.

दोन वर्षांपूर्वी एकदा त्यांचा डावा हात झटक्यानं उठला आणि नवनाथनं साचा उचलला. नशिबानं साच्याखाली कोणी नव्हतं. हात मी हलवलाच न्हाई, असं तात्याबा शपथेवर सांगत, आणि नवनाथ म्हणे, म्हातारा चेष्टा करतो. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा त्यांना घरी बसवलं. मग ते नावं विसरू लागले. सुनेला, सोनलला, पाहुणी समजून जेवायचा आग्रह करीत. एका डॉक्टरांनी मेंदू झिजतोय म्हणून सांगितलं, आणि घरानं ते मान्यही केलं.

मी शेजारी, रोज त्यांच्या ओट्यावर बसणारा. मला एक गोष्ट खटकत होती. कसलेल्या नटालाही एकच मुद्रा दोनदा तंतोतंत जमत नाही. यांचं तोंड आणि हात मात्र दर वेळी डावीकडेच, एकदमच, क्षणभर ओढले जात. सोनलला म्हटलं, मोबाइलवर टिपून ठेव. तिनं दिवसभरात चाळीस झटके मोजले.

आकुर्डीच्या डॉक्टरबाईंनी ते पाहून रक्त आणि मणक्यातलं पाणी तपासायला पाठवलं. रोगजंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडी चुकून स्वतःच्याच मेंदूवर उलटल्या होत्या. त्यावर इलाज होता. स्टेरॉइड सुरू झाली, त्या अँटीबॉडी यंत्रानं रक्तातून गाळून काढल्या. जरा भानावर आल्यावर तात्याबा म्हणाले, "म्हंजे घरचंच कुत्रं चावलं व्हय आमाला."

झटके थांबले. नावं एकेक करून परतली, आजारातले महिने मात्र कोरेच राहिले. सोनलला आग्रहानं जेवू घातल्याचं ऐकून ते लाजले.

वर्षभर एकही झटका नाही, तेव्हा डॉक्टरबाईंनी कामाला परवानगी दिली. कंपनीनं आधी रिकाम्या हुकावर परीक्षा ठेवली, जेवणाच्या सुट्टीत, बाकीची यंत्रं बंद असताना. तात्याबांनी डावा हात उचलला. हूक जागचा हलेना. नवनाथ वरून नुसता बघत राहिला.

"उचल की राव," तात्याबा म्हणाले, "या खेपेला मीच उचललाय."

हूक सावकाश वर गेला.