कॉस्टिकवर चुना

"मूठ मिटा बरं, अंकुरचे बाबा."

"मिटूनच तं राहिलो."

"हे मिटणं होय? यातून तं अख्खं संत्रं निंगून जाईन!"

कवडू हसला. त्याची बायको वच्छला नाही हसली.

तिगावच्या स्टेशनापलीकडं यांच्या अंगणात कपड्याचा साबण बनतो. पांढुर्ण्याच्या भज्यावाल्याचं जळकं तेल आणून गाळायचं. बादलीभर पाण्यात कॉस्टिक सोडा टाकायचा. जाळ नाही काही नाही, पाणी आपोआप तापतं. ते निवलं की धार धरून तेलात ओतायचं अन् दाट होईस्तोवर घोटायचं. ओतणं वच्छलाचं, घोटणं कवडूचं. तेवढा जोर त्याच्याच मनगटात.

थंडीच्या तोंडावर बादलीचा कान निसटला अन् कॉस्टिकचं पाणी कवडूच्या उजव्या हातावर सांडलं. तो पाण्याच्या टाक्याकडं पळाला. वच्छलानं दंड धरून ओढला.

"पाणी नोका लावू, फोड येईन! थांबा, चुना लावतो."

विंचू डसो का गांधीलमाशी, सारं गाव चुन्याला तिच्याच दारात. पानाच्या डबीतला सगळा चुना तिनं थापला. हात बुळबुळीत लागला. तिला वाटलं, साबणच आहे, पुसून निघेल. कवडू गुरासारखा ओरडाय लागला तेव्हा कुठं दवाखान्यासाठी जीप केली.

डॉक्टरीण रागावली नाही, तेच वाईट झालं. बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, कॉस्टिक अन् चुना एकाच जातीचे. जाळणाऱ्यावर जाळणाराच थापला तुम्ही. नुसतं पाणी ओतत राहायचं होतं. बुळबुळीत लागलं ना? हाताच्या चरबीचाच साबण होत होता तो."

कातडी भरली. बोटं वाकडीच राहिली. वच्छला जामसांवलीच्या मारोतीला जाऊन आली, तरी बोटं वाकडीच.

आज शेजारची विजयमाला हात झटकत आली. "वच्छलामाय, चुना दे वो, गांधीलमाशी डसली."

"पाण्यानं धू."

"आता तूच असं म्हणून राहिली?"

"दे ना वो तिले," कवडू म्हणाला. "तुह्या चुन्यानं माहा हात वाचला, नाईतं तोडाच लागला असता."

"वाचला नाई. चुन्यानंच गेला तो. डॉक्टरीण बोलली मले."

"डॉक्टरले काय समजते!" त्यानं डाव्या हातानं डबी काढून विजयमालापुढं धरली, अन् वाकड्या बोटांचा हात कौतुकानं दाखवला.

वच्छलानं निवलेलं कॉस्टिकचं पाणी धार धरून तेलात ओतलं. साध्या पाण्याची भरलेली बादली तिनं पायाशी ओढून घेतली, घोटायचा दांडा दोन्ही हातांनी धरला अन् एकटीच घोटाय लागली.