क्वालिटीवाल्याच्या घरची माशांची टाकी

आमच्या मुलुंडच्या घरात मासा बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी यायचा आणि दुपारपर्यंत संपायचा. त्यामुळे नवऱ्याने काचेची टाकी आणून तिच्यात गोल्डफिश सोडले, तेव्हा माझ्या मालवणच्या सासूबाईंनी सरळ विचारलं, "खावचे नाय तर हाडलंस कित्याक?"

कारण नवऱ्याची बढती अडली होती. कुणा वास्तुवाल्याने त्याला ईशान्येला हलतं पाणी ठेवायला सांगितलं होतं. आमच्या ईशान्येला फ्रिज होता. तो पॅसेजमध्ये गेला आणि तिथे टाकी आली. तेव्हापासून आम्ही पॅसेजमधून आडवे होऊन चालायला लागलो.

नवरा अंधेरीच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात सुधारणा सुचवायच्या. घरात त्याने आजवर काहीच सुधारलं नव्हतं, बाथरूमचा गळका नळसुद्धा नाही. पण टाकीचं पाणी ताकासारखं पांढुरकं दिसायला लागलं आणि त्याच्यातला क्वालिटीवाला जागा झाला. त्याने आम्हा दोघींना सोफ्यावर बसवून मीटिंगच घेतली.

"प्रॉब्लेम फिल्टरेशनचा आहे," तो म्हणाला. "टाकीबरोबर आलेला फिल्टर बेसिक आहे. आपण घरच्या घरी अपग्रेड करू."

"नवा घे ना मग," मी म्हटलं.

"तीच तर मानसिकता बदलायची आहे."

मानसिकता बदलायला सुरुवात माझ्या स्वयंपाकघरातून झाली. चहाची गाळणी गेली, मग भांडी घासायचा नवा स्पंज गेला. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या उशीची शिवण उसवून त्याने आतला कापूस काढला. तो खरा कापूस नव्हता, पॉलिस्टर होतं, आणि फिल्टरमध्ये तेच लागतं असं कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं म्हणे. पुढच्या आठवड्यात नणंदेचे यजमान मुक्कामाला आले. ते त्या उशीवर झोपले आणि मान वाकडी घेऊन परत गेले.

एवढं करून पाणी दोन दिवस नितळ दिसायचं आणि परत गढूळ व्हायचं. मग नवऱ्याने नियम केला, फिल्टर रोज धुवायचा. ऑफिसातून आला की शर्टाच्या बाह्या सरसावून तो फिल्टरचे सगळे भाग बेसिनमध्ये मांडायचा. स्पंज, उशीचं पॉलिस्टर, पांढऱ्या मातीच्या पोकळ नळ्या, सगळं नळाखाली धरून चोळायचा. जेवणाचं ताट ज्याने कधी विसळलं नाही, तो माणूस ब्रशने मातीच्या नळ्या घासत होता. मी बघत उभी राहायचे आणि काही बोलायचे नाही. एखाद्या चांगल्या सवयीला नजर लागू नये म्हणून.

एका सकाळी सासूबाईंनी हाक मारली. "ह्ये मासे वर तोंड करून कित्याक रवलेत?"

सगळे मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंडं उघडझाप करत होते. एक उलटा तरंगत होता. नवरा टाय बांधता बांधता थांबला. "काल तर मी एकदम डीप क्लीन केलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. गंमत करायची वेळ नव्हती, हे मलाही कळलं.

माझ्या बँकेतली एक मैत्रीण घाटकोपरला राहते. तिच्याकडे कित्येक वर्षं मासे आहेत. मी तिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"फिल्टर कशात धुता?" तिने विचारलं.

"नळाच्या पाण्यात," नवरा म्हणाला. "रोज. चकाचक."

"मग वाट लागली. अहो, त्या स्पंजात जिवाणू वाढतात. माशांची घाण तेच पचवतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. तुम्ही रोज त्यांना मारताय."

मग तिने एकेक विचारायला घेतलं. फिल्टरमध्ये पाणी आधी कशातून जातं? आधी उशीच्या पॉलिस्टरमधून. उलटं आहे, ती म्हणाली, आधी जाड स्पंज, मग पॉलिस्टर, मग मातीच्या नळ्या, नाहीतर बारीक थर लगेच तुंबतो. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरही स्पंजाचा तुकडा बसवा. धुवायचं ते टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, आणि तेही नुसतं दाबून. घासायचं नाही. नवं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवा.

"आणि खायला कोण घालतं?" तिने शेवटी विचारलं.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नवरा सकाळी घालायचा. मी संध्याकाळी, तो विसरला असेल म्हणून. सासूबाई दुपारी भाकरी कुस्करून घालायच्या, कारण घरात आलेल्याला उपाशी ठेवायचं नसतं. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी नवऱ्याने थर उलटे लावले. स्पंज कापला तो मात्र नवा आणून, माझ्याकडचा मागितला नाही. उलटा तरंगणारा मासा गेला. बाकीचे हळूहळू खाली उतरले. महिनाभराने पाणी असं नितळ झालं की काचेवर सासूबाईंच्या बोटांचे ठसे दिसायला लागले.

इथवर सगळं ठीक होतं. पण आता नवऱ्याला ज्ञान झालं होतं, आणि ते त्याच्याच्याने घरात ठेववेना. लिफ्टमध्ये, जिन्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो स्वच्छतेच्या दुष्परिणामांवर बोलायला लागला. खालच्या मजल्यावरच्या जोडप्याने नवी टाकी घेतल्याचं कळताच त्याने आपला मळका स्पंज बादलीत पिळला आणि ते तपकिरी पाणी स्टीलच्या डब्यात भरलं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"जिवाणू. त्यांच्या टाकीत थोडे घातले की तिथेही वाढतील."

"मगे तसा सांग ना," सासूबाई म्हणाल्या, "विरजण लावूचा आसा."

खालच्या वहिनींनी दार उघडलं. वरून डबा आला म्हणून त्या खूश झाल्या आणि आम्ही काही सांगायच्या आत त्यांनी झाकण काढून वास घेतला.

"सार आहे का?"

"नाही, आमच्या टाकीतला मळ आहे," नवरा अभिमानाने म्हणाला.

त्यांच्या यजमानांनी बिचाऱ्यांनी तो मळ टाकीत ओतून घेतला. वहिनी नंतर कितीतरी दिवस लिफ्टमध्ये माझ्याशी बोलल्या नाहीत, मजल्यांचे आकडे बघत राहायच्या. पण त्यांचे मासे जगले. मग एका रविवारी त्या स्वतः डबा द्यायला आल्या. रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात रव्याचे लाडू होते.

आम्ही दोघी सासूसुना डब्याकडे बघत बसलो. सासूबाई म्हणाल्या, त्यांचा उपास आहे. तो नव्हता. नवऱ्याने एक लाडू उचलला आणि खात खात म्हणाला, "डबा त्यांनी साबणाने धुतलाय. चवच गेली."