भट्टीजवळचा पडदा

मामांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी कारखान्यातच होते. "बाबा गेले, पहाटे," एवढंच ती म्हणाली. मी भट्टीजवळ जाऊन वंदनाला सांगितलं. तिनं आतला तुकडा आधी काढून तेलात बुडवला, मग ती खाली बसली... मामांना हेच पटलं असतं.

मामा निफाडकडचे, नात्यानं नव्हे, सगळ्या कारखान्याचेच मामा. आमच्या अंबडच्या छोट्या कारखान्यात ते पंच कडक करायचे. पंच म्हणजे पत्र्याला भोक पाडणारा पोलादी तुकडा. तो भट्टीत लाल झाला की तेलात टाकायचा. पण नेमका केव्हा, हे रंगावरून ठरतं. ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं आणि मामांना त्याचा पुरेपूर तोरा होता. गुडघे बोलू लागल्यावर ते घरी बसणार म्हणाले, तेव्हा मी स्पष्टच सांगितलं, पॅकिंगमधल्या वंदनाला शिकवून जा, नाहीतर मला भट्टी बंद करावी लागेल. "मग व्हिडिओच काढा ना!" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मामा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. वंदनानं मोबाइल धरला, तर यांनी खिडकीवरचा गोणपाटाचा पडदा स्वतःच बाजूला सारला. "थोबाड लय काळं येतंय, उजेड पाहिजे."

मामा घरी बसले आणि आमचे पंच मऊ निघू लागले. वंदना व्हिडिओतला रंग हुबेहूब जुळवायची, तरी पंचाची धार लगेच बोथट व्हायची. "मॅडम, मला परत पॅकिंगला टाका," ती एक दिवस रडवेली होऊन म्हणाली. शेवटी मामांना रिक्षानं आणलं. व्हिडिओ बघून ते कपाळाला हात लावून हसायलाच लागले. "उजेडात लाल फिका दिसतो, पोरी. पडदा लावून तू तेवढाच फिका बघती आन् पुरता तापायच्या आत कच्चाच काढती."

"मग आधी सांगितलं का नाही, मामा?" मी विचारलं.

"त्यात सांगायचं काय? पडदा तर रोजच असतो."

माणसाला येतं ते सगळं विचारून काढता येतं, असं मला वाटायचं. पण त्यातलं बरंचसं आपल्याला येतं, हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं... नंतर बरेच दिवस मामा पडदा लावून, वंदनाशेजारी स्टूल टाकून बसले. व्हिडिओ नाही, काही नाही. "आता?" ती विचारायची. "थांब... हां, आता."

आजही भट्टी पेटवण्याआधी वंदना पडदा नीट ओढून घेते. व्हिडिओ मात्र तिच्या मोबाइलमध्ये आहेच. परवा मी म्हटलं, रंग चुकीचा आहे, पुसून टाक.

"असू द्या, मॅडम. मामा छान आलेत त्यात."